बरणीतले तिसरे

आमच्या तालुक्यात खाडीकाठी एक निसर्ग माहिती केंद्र आहे. त्याचं नूतनीकरण व्हायचं आहे, म्हणून मध्यंतरी एक बैठक झाली. बैठक कसली, दोन तास दोन गट एकमेकांवर तुटून पडले होते. एका गटाकडे लॅपटॉपवर रंगीत आराखडा होता: दारातून आत शिरलं की समुद्रतळावरून चालल्याचा भास देणारा बोगदा, भिंतभर टचस्क्रीन, डोळ्यांवर चढवायचे व्हीआर चष्मे, आणि अंगणात फायबरचं दहा फुटी कासव, त्याच्या पाठीवर बसून फोटो काढायची सोय. दुसऱ्या गटाचं म्हणणं, यातलं काही नको, आहे ती इमारतसुद्धा नको; समोर खाडी आहे, कांदळवन आहे, निसर्गाचं प्रदर्शन कसलं मांडता? पहिल्यांनी दुसऱ्यांना विकासाचे वैरी ठरवलं, दुसऱ्यांनी पहिल्यांना ठेकेदारांचे दलाल. मग चहा आणि कांदाभजी आली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मला हे भांडण मुळातच चुकलेलं वाटतं. दोघंही वस्तूंबद्दल बोलत होते; आणायच्या की काढून टाकायच्या, एवढंच. तिथे पाहुण्याशी बोलणार कोण, कुठल्या भाषेत, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि बोलून झाल्यावर त्याला पाठवणार कुठे, हे प्रश्न कुणाच्याच तोंडून आले नाहीत. माझ्या मते असं केंद्र म्हणजे उंबरठा. त्यावर थोडं थांबायचं आणि पलीकडे जायचं. म्हणून नूतनीकरणाचा पहिला पैसा सांगणाऱ्या माणसावर पडायला हवा. पडदे आणि बोगदे यांचा नंबर त्यानंतर, तोही पैसे उरले तर.

आज त्या केंद्रात काय आहे? एका लांबट खोलीत दोन्ही बाजूंना काचेची कपाटं. फॉर्मॅलिनच्या बरण्यांत रंग उडून सगळे सारखेच पिवळट झालेले खेकडे, मासे, शिंपले. पेंढा भरलेला एक बगळा, मानेची शिवण उसवलेला. टेबलासारखी आडवी टचस्क्रीनही आहे. ती बसवल्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडली, आता तिच्यावर फुलाफुलांची चादर आणि चादरीवर अभिप्रायाची वही. मागच्या वर्षी मी पाचवीची मुलं घेऊन गेलो होतो. एका मुलीला सोडायला आलेली तिची आजीही आमच्याबरोबर आत आली. ‘द्विपुट मृदुकाय प्राणी’ अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीसमोर त्या थबकल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अगो, हे तर तिसरे! बरनीत कित्याक भरून ठेवल्यानी?” मुलं खो खो हसली. पण तिसरे, म्हणजे वाळूत राहणारे खायचे शिंपले, यांच्यावर पुढची दहा मिनिटं वर्ग आजींनी घेतला. ओहोटीला ओल्या वाळूत शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरा असतो. घरी आणून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवला की पोटातली वाळू थुंकतो. शिजवल्यावरही तोंड उघडत नाही तो टाकून द्यायचा. “दोन भोकं कशाला?” एका मुलानं विचारलं आणि दुसऱ्यानंच उत्तर दिलं, “एकातून पाणी आत, एकातून बाहेर.” पाणी गाळून पोट भरणारे प्राणी हा मुद्दा शिकवायला मला एक तास लागतो, आणि परीक्षेत तो निम्म्या मुलांना आठवत नाही.

त्या आजी कुठल्याच आराखड्यात नाहीत. बोगदावाल्यांच्याही नाहीत आणि पाडा-पाडा म्हणणाऱ्यांच्याही नाहीत.

चित्र आणि सांगणारा यांची जोडी आपल्या मुलखात नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी अजून चालू आहे. पोथीतली सुटी चित्रं एकामागून एक पुढे धरायची आणि कथा गाऊन सांगायची. चित्रात राक्षस एकाच जागी उभा असतो. त्याला पळवतो, रडवतो, मारतो तो सांगणारा. ही परंपरा आणि तिच्याबरोबर कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालता ठेवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आता हीच चित्रं चौकटीत घालून, वर छान दिवे सोडून भिंतीवर लावली तर? दिसतील सुरेख. पण कथा तिथेच संपली. आपली निसर्ग केंद्रं नेमकी अशी आहेत: चित्रकथ्याशिवायची चित्रकथी. आणि बैठकीतला वाद होता तो चित्रं साधी ठेवायची की हलती.

आता पडदेवाल्यांच्या बाजूनं जे खरंच वजनदार आहे ते मान्य करायला हवं. सगळा निसर्ग दाराबाहेर दिसत नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालायला येते ती रात्री, आणि तिच्यावर बॅटऱ्या मारत घोळका उभा राहिला तर ती अंडी न घालताच परत फिरू शकते. तिथे रात्री माणसं नेण्यापेक्षा पडद्यावर चित्रफीत दाखवणं शंभरपट शहाणपणाचं. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. पुढे आंजर्ले, गुहागर इथल्या माद्यांनाही बसवलं. त्या समुद्रात कुठून कुठे गेल्या हे नकाशावर सरकणाऱ्या ठिपक्यांशिवाय कुणाला कसं दाखवणार? ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर! ही गोष्ट मोठ्या पडद्यावर, भारताचं पूर्ण टोक दाखवत सांगितली तर अंगावर काटा येईल. खऱ्या वस्तूंचंही तसंच. रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. एरवी न आवरणारी पोरं त्याच्यासमोर आपोआप गप्प होतात. एकेक मणका बघितला की कळतं, हे जनावर आपल्याच समुद्रातलं आहे आणि आपण ते कधीच पाहणार नाही. फायबरच्या कासवावर बसून फोटो काढणाऱ्याला काय कळतं? कासवावर बसायचं असतं, एवढंच.

म्हणून माझी पडद्याला ना नाही, एक अट आहे. दारापासून पन्नास पावलांवर जे डोळ्यांनी दिसतं ते पडद्यावर दाखवायचं नाही. बैठकीच्या दिवशीच मी जे पाहिलं ते सांगतो. नमुना म्हणून त्या लॅपटॉपवर निवटीची फीत लावली होती. चिखलावर परांच्या कुबड्या टेकत चालणारा मासा, कुठल्या तरी परदेशी किनाऱ्यावरचा. सगळे माना पुढे काढून बघत होते. खिडकीबाहेर ओहोटी लागलेली, आणि तिवराच्या मुळांशी आपल्या दहा-पंधरा निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. एकही मान तिकडे वळली नाही. मग त्या फितीनं निसर्ग जवळ आणला की लांब नेला? वर कोकणातली खारी हवा कुणाला सोडत नाही. लोखंडी पाटी दोन वर्षांत पोपडे टाकते, जूनमध्ये लाइट गेली की गेली, आणि देखभालीचा करार संपल्यावर दुरुस्तीचा माणूस मुंबईहून यायला पावसाळा उलटतो. फुलाफुलांच्या चादरी उगाच येत नाहीत.

यावर बैठकीत एका अधिकाऱ्यांनी जे सांगितलं ते मला त्या दोन तासांतलं सर्वांत प्रामाणिक बोलणं वाटलं. ते म्हणाले, “सर, मला बोगद्याला निधी मिळतो. माणसाच्या पगाराला मिळत नाही.” खरं आहे. भांडवली खर्चाचं उद्घाटन होतं, फीत कापता येते, कोनशिलेवर नाव येतं. पगाराचं उद्घाटन कसं करणार? पण ही अडचण आजची नाही. मुंबईच्या तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्गेतिहासाचं नवं दालन सुरू झालं तेव्हा तिथे १९२६ साली एक तरुण माणूस गाइड-लेक्चरर म्हणून नेमला गेला. काचेमागचे पक्षीप्राणी येणाऱ्यांना समजावून सांगायचे, हे त्याचं काम. तो पुढे जर्मनीला शिकायला गेला, १९३० मध्ये परतला, तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. काचेची कपाटं शाबूत, सांगणारा गेला. त्या माणसाचं नाव सलीम अली. नोकरी नाही म्हणून तो बायकोसह अलिबागजवळ किहीमला येऊन राहिला आणि तिथे त्यानं सुगरणीच्या वसाहतीवर नजर ठेवली. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर संसार. मग तो दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आपण मराठीत त्या पाखराला सुगरण म्हणत आलो, आणि घर विणणारा निघाला नर! आणि त्याची ही एकामागून एक संसार मांडायची तऱ्हा कोकणच्या किनाऱ्यावर उलगडली. (त्या नोकरीला सलीम अली दोन वर्षांत कंटाळलेही होते, हे नमूद करतो. रोज त्याच कपाटांसमोर उभं राहून तेच बोलायचं तर कोण कंटाळणार नाही? सांगणाऱ्यालाही बाहेर जायला मिळालं पाहिजे.)

पगाराला पैसे नाहीत हे कारण असं शंभर वर्षांचं आहे. पण त्यावर उतारे आपल्याच किनाऱ्यावर सापडलेले आहेत. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, तिथेच जेवतात. सकाळ-संध्याकाळ जाळीच्या कुंपणातल्या टोपल्या उचलल्या जातात. खाली पिल्लं असली तर असली. नसली तर पुण्याहून सहा तास गाडी हाकून आलेला माणूस रिकाम्या वाळूकडे बघून परततो, आणि मजा म्हणजे फारसा कुरकुरत नाही, कारण अंडं उबायला साधारण दीड-दोन महिने का लागतात आणि आज पिल्लं का निघाली नाहीत हे त्याला उभ्या उभ्या कुणीतरी सांगितलेलं असतं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हंही त्याच मारतात, माहितीही त्याच देतात. या दोन्ही ठिकाणी सांगणाऱ्याचा मोबदला सरकारी पगारपत्रकातून येत नाही, पाहुण्याच्या खिशातून येतो. मात्र यातला धोका झाकून ठेवणार नाही. जून ते सप्टेंबर पाहुणा नसतो, तेव्हा त्या बायकांनी काय खायचं? ‘स्थानिकांचा सहभाग’ या गोड शब्दाखाली फुकट राबवून घेण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. म्हणून तिकिटातला वाटा सांगणाऱ्याचा, आणि पावसाळ्याचे चार महिने ठरावीक मानधन, एवढं तरी आराखड्यात लिहिलेलं हवं. बोगद्याच्या अंदाजपत्रकातून ते सहज निघेल.

आता दुसरा गट. ‘निसर्गच बोलतो’ हे त्यांचं पालुपद. त्यांची भीती मला पटते. गर्दी आली की प्लास्टिक येतं, गोंगाट येतो, मग हॉटेलं येतात आणि शेवटी ज्याच्यासाठी आले तेच उरत नाही. पण निसर्ग बोलतो ते कुणाशी? ज्याला ती भाषा येते त्याच्याशी. बाकीच्यांना कांदळवन म्हणजे चिखल, डास आणि कुजका वास. मुंबईच्या आसपास पिढ्यान् पिढ्या लोकांनी याच डोळ्यांनी तिवरांकडे बघितलं आणि भराव टाकत गेले. त्यांच्यासमोर निसर्ग रोज बोलतच होता की. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. बैठकीला आलेल्या किती जणांना चिपी आणि तिवर यांतला फरक सांगता आला असता? त्याला केंद्रही लागत नाही आणि पडदाही. तिवराचं पान तोडून जिभेला लावायला सांगा. खारट लागतं, कारण मुळांतून आलेलं जादा मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं. एक सेकंदाचा प्रयोग, खर्च शून्य. पण “पान चाटून बघ” असं सांगायला कुणीतरी बाजूला उभं असावं लागतं.

आत काय ठेवायचं याहून आत कधी यायचं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश विद्वान १९१९ पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्या आधी एडिंबरोत त्यानं एक मनोरा विकत घेऊन त्याचं आगळंच संग्रहालय केलं होतं. येणाऱ्याला तो आधी थेट वर नेई, गच्चीवरून शहर, डोंगर, समुद्र दाखवी, आणि मग एकेक मजला खाली उतरत, जे पाहिलं त्याचा अर्थ लावी. आपण बरोबर उलटं करतो. आधी आत घेतो, एसीत बसवतो, आणि वेळ उरला तर “बाहेर जेटीवरून खाडी दिसते” असं सांगतो.

त्यात आपल्या खाडीची गंमत आणखी वेगळी. कोळी, गाबीत, खारवी या मंडळींकडे भरतीचा ढोबळ हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी बाराच्या. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पूर्ण ओहोटी, इथल्या बोलीत सुकती, साडेपाचला. आमचं केंद्र उघडतं दहाला, बंद होतं पाचला. उधाणाच्या दिवसांत, जेव्हा ओहोटीला सर्वांत जास्त चिखल उघडा पडतो, शेकडो खेकडे आपला एकच मोठा नांगा हलवत बिळांबाहेर येतात आणि बगळ्यांची पंगत बसते, नेमकं तेव्हा आमचे शिपाई शटर ओढत असतात. दिवसभर आलेल्या पाहुण्यांनी पाहिलेलं असतं ते गळ्यापर्यंत बुडालेलं झाडांचं एक हिरवं जंजाळ. कोट्यवधींचा बोगदा बांधण्याआधी हे वेळापत्रक तिथीवर आणता येणार नाही का? कर्मचाऱ्यांच्या ड्युटीचं काय, असं विचारलं गेलं. याच खाडीतली तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, भरती-ओहोटी बघून चालायची आणि तरवाल्याची हजेरी कधी चुकली नाही.

एका मुद्द्यापाशी मात्र माझं ‘बाहेर चला’ अडखळतं. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, गुडघे गेलेल्या आजी, कडेवर तान्हं असलेली आई, आणि जुलैत आलेला कुणीही, यांनी चिखलात कसं उतरावं? त्यांच्यासाठी आतलं दालन उत्तमच हवं, आणि इथे मी पैसे वाचवायला सांगणार नाही. उतार असलेला रस्ता, खाडीकडे उघडणारी रुंद पडवी, खुर्चीच्या उंचीवर लावलेल्या दुर्बिणी. हाताळायला घमेलंभर चिखल आणि त्यातलं जे कायद्यानं हाताळता येतं ते, सकाळी आणायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं. फॉर्मॅलिनमधल्या शंभर बरण्यांपेक्षा ते एक घमेलं जास्त जिवंत.

आणि त्या दालनात जाळी हवीत. आजच्या केंद्रात मासे आहेत, मासेमारी नाही. खाडी आहे, खाडीवर जगणारी माणसं नाहीत. याचे परिणाम साधे नसतात. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं; त्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध राहिला, कारण आपल्या पोटावर पाय येणार हीच भीती. जिथे जाळं फेकून मासे धरणारे पागीर, किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे रापणकर, तिसरे काढणाऱ्या बाया यांचा मागमूस नाही असं केंद्र त्यांना पुढच्या नोटिशीची पाटीच वाटणार. स्थानिक नावं दर खाडीला बदलतात, रायगडात चिंबोरी ती सिंधुदुर्गात कुर्ली, म्हणून शास्त्रीय नाव लागतंच, हे मान्य. मग दोन्ही लिहा की! आधी तिसरे, खाली द्विपुट वगैरे काय ते.

मला विचाराल तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पुढे जाणारं प्रदर्शन म्हणजे लाकडाची एक पट्टी. २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, आणि त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. ती खूण केलेली पट्टी पाहुण्याच्या हातात द्या आणि घेऊन जाऊ द्या. दुपारी तो थाळी खायला बसेल तेव्हा ताटातलं पापलेट मोजेल, खानावळवाल्याला विचारेल, खानावळवाला उद्या सकाळी लिलावात विचारेल. बोगद्यातून बाहेर पडलेला माणूस थाळीसमोर बसून काय करतो? बोगद्याचे फोटो दाखवतो.

पुढची बैठक अमावास्येला सकाळी अकरा वाजता ठेवली आहे. तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली असेल. बैठक पाचला घ्यावी आणि जेटीवर घ्यावी, असा अर्ज मी दिला आहे. आजींनाही बोलावणं केलं. त्यांनी तिथी विचारली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, पाचाक येतंय, पण बसूक सांगू नकात, सुकतीक माझी तिसऱ्यांची वेळ.